आमदारांचे उपकार आणि वाडीचा साकव

(पत्रलेखिकेचं नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)

पत्र थोडक्यात असं: कोकणातल्या एका वाडीत राहणारी ३६ वर्षांची गृहिणी, महिला बचत गटाची अध्यक्ष. नवरा मुंबईत खासगी नोकरीला. वाडी आणि गाव यांच्यामध्ये पऱ्या, म्हणजे ओढा आहे आणि पावसाळ्याचे चार महिने जा-ये सुपारीच्या ओंडक्यांवरून. गेल्या पावसात शाळेतून येणारी एक मुलगी घसरली, ओंडक्याला लोंबकळून राहिली म्हणून वाचली. वाडी १२ वर्षं साकव, म्हणजे छोटा पूल मागते आहे. यंदा आमदारांनी निरोप पाठवला, की देवळापुढे सभामंडप मंजूर करतो. वाडीतल्या मुंबईकरांचं मुंबई मंडळ म्हणतं, पुढच्या मतदानावर बहिष्काराचा बॅनर लावा. म्हातारी माणसं म्हणतात, येतंय ते घ्या. दीर आमदारांच्या पक्षाचा बूथप्रमुख, तो म्हणतो, 'वहिनी, तुम्ही गप बसा.' आणि तिची स्वतःची अडचण वेगळीच. दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या हृदयाच्या ऑपरेशनच्या वेळी याच आमदारांच्या फोनवर मुंबईतल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात खाट मिळाली, बिलही बरंचसं माफ झालं. 'ज्यांनी घरातलं माणूस वाचवलं, त्यांना सभामंडप नको असं कोणत्या तोंडाने सांगू? भूमिपूजनाला ओवाळायचं ताट माझ्याच हातात देणार आहेत,' असं तिने लिहिलंय. तीन वर्षांपूर्वी वाडीने आमदारांना दिलेल्या निवेदनाची झेरॉक्सही सोबत जोडली आहे.

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि ती झेरॉक्स चारदा. मी २७ वर्षं जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात टेबल सांभाळलं. कागद दिसला की आधी मायना नाही, मागण्या मोजायच्या, ही तिथली सवय अजून सुटलेली नाही. तुमच्या निवेदनात ११ मागण्या आहेत. पहिली हायमास्ट दिव्याची. दुसरी स्मशानशेडची. तिसरी पाखाडीची, म्हणजे पायऱ्यांच्या पायवाटेची. साकव चौथ्या नंबरवर आहे, तोही 'तसेच पऱ्यावर साकव व्हावा' एवढ्याच चार शब्दांत. आणि सातव्या नंबरवर काय आहे? 'ग्रामदेवतेच्या मंदिरासमोर सभामंडप.'

म्हणजे आमदारांनी तुमचं ऐकलं नाही असं म्हणता येत नाही. तुम्ही ११ गोष्टी मागितल्यात, त्यातली त्यांना सोपी वाटली ती त्यांनी उचलली. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. तुम्हाला वाईट वाटावं म्हणून हे सांगत नाही. 'आमदार आम्हाला हवं ते देत नाहीत' या वाक्यावर तुमचं सगळं पत्र उभं आहे आणि ते वाक्य अर्धंच खरं आहे, एवढंच दाखवायचं होतं. वाडीला सगळ्यात जास्त काय हवंय ते कागदावर एकदाही धड लिहिलं गेलेलं नाही.

सभामंडप सोपा का, तेही बघा. देवळाची जागा सर्वांच्या ओळखीची, तिथे भांडण नाही. नकाशा ठरलेला: चार खांब, पत्रा, खाली कोबा. पाण्याचा हिशोब नाही, पूररेषा नाही. ठेकेदार तीन महिन्यांत उरकतो. येता-जाता दिसतो, नावाचा बोर्ड लागतो, शिमग्याला पालखी आली की सगळा गाव त्याखाली बसतो. साकवाचं उलटं. पऱ्याला पाणी किती येतं ते बघावं लागतं, खांबाला खडक लागतो की माती ते बघावं लागतं आणि दोन्ही काठांच्या जमिनी कोणाच्या तरी सातबाऱ्यावर असतात. त्या सातबाऱ्यावरच कोकणातले निम्मे साकव वाहून जातात. त्याबद्दल शेवटी सांगते, कारण तुमचं खरं काम तिथेच आहे.

आता पैशाचं. आमदारांकडे पोतंभर पैसा असतो आणि ते मूठभर देतात, असं वाडीत बोललं जात असेल. महाराष्ट्रात आमदाराला स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी रुपये असतो. हा पैसा त्यांच्या हातात येत नाही. ते काम सुचवतात, मंजुरी आणि पैसा जिल्हाधिकाऱ्यांकडून म्हणजे जिल्हा नियोजन कार्यालयाकडून निघतो. तुमच्या मतदारसंघात गावं २०० धरा, गावाला अडीच लाख येतात. आणि कोकणातल्या एका गावात वाड्या किती असतात हे तुम्हाला मी सांगायला नको. अडीच लाखांत साकवाचा पायाही होणार नाही.

मात्र आमदारांची सही चालते अशी ही एकच तिजोरी नाही, आणि हे गावात फारसं कोणाला ठाऊक नसतं. जिल्हा नियोजन समितीत साकवांसाठी, ग्रामीण रस्त्यांसाठी वेगळी तरतूद होते. समितीचे अध्यक्ष पालकमंत्री आणि सदस्य-सचिव जिल्हाधिकारी. डोंगरी विकास कार्यक्रमाचा पैसा आहे. ग्रामविकास विभागाचं 'पंचवीस-पंधरा' आहे. लेखाशीर्षाचा, म्हणजे सरकारी हिशोबातल्या खात्याचा आकडा २५१५ म्हणून आमच्याकडे सगळे त्याला असंच म्हणायचे. लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावांतर्गत मूलभूत कामं त्यातून होतात. ठेकेदारांना हे सगळे आकडे पाढ्यांसारखे पाठ असतात. पाठ नसतात ते ज्यांच्या वाडीला साकव नाही त्यांना. विधान परिषदेच्या आमदारांनाही निधी असतो आणि कोकणातून पदवीधरांचे, शिक्षकांचे आमदार निवडून जातात. त्यांच्या कार्यालयात तुमच्या वाडीतून आजवर कोणी गेलं असेल असं वाटत नाही.

आता तुम्हाला खरं टोचतंय ते. सासरे.

त्या रात्री तुम्ही कशातून गेला असाल याची कल्पना आहे. माणूस स्ट्रेचरवर असताना कायदा कोण वाचतो? ज्याच्या फोनने खाट मिळाली तो देवासारखाच वाटतो आणि त्या फोनचं मोल मी एका पैशाने कमी करणार नाही. पण आता दोन वर्षं झालीत, सासरे अंगणात बसून सुपारी कातरताहेत असं तुम्हीच लिहिलंय, तर शांतपणे ऐका. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेली ही योजना आहे आणि त्यावर देखरेख धर्मादाय आयुक्तांची. सासऱ्यांना मिळालेली खाट बहुधा त्यातलीच असणार. आमदारांनी खिशातून काही दिलं नाही. बंद ठेवलेलं दार त्यांनी ठोठावलं. ठोठावलं म्हणून ते उघडलं, हेही खरंच. पण दार तुमच्या सासऱ्यांसाठीच बांधलेलं होतं.

मग उपकार नाहीत का? आहेत. वेळेला धावून आलेल्या माणसाचे असतात तसे आहेत. ते फेडायचेच असतील तर दिवाळीला डबा घेऊन जा, सासऱ्यांना घेऊन जा. आमदारांनाही बरं वाटेल, त्यांच्या दाराशी रोज मागणारेच येतात. पण त्या उपकाराची फेड वाडीच्या ३० पोरांनी ओंडक्यावरून चालून करायची हे कुठलं गणित? सासऱ्यांची खाट तुमच्या घरची होती, साकव सगळ्या वाडीचा आहे. तुम्ही गप्प बसलात तर तुमच्या घरचं ऋण बाकीची २२ घरं फेडत बसतील, आणि त्यांना तर कोणी विचारलेलंही नाही.

हे सांगताना दुसरी एक गोष्ट डोक्यात येते आणि ती तुमच्यासारख्या इतरांसाठीही आहे. याच महिन्यात मला आणखी तीन पत्रं आलीत: एकाला रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायचंय, एकीला उत्पन्नाचा दाखला अडलाय, एक शिक्षिका बदलीसाठी आमदारांचं पत्र कसं मिळवू विचारते आहे. तिघांनाही आमदार हवेत. अहो, दाखल्यांसाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवेला दिवस ठरवून दिलेले आहेत, दिवस उलटले की अपील करता येतं. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या संगणकावर संवर्ग आणि सेवेच्या क्रमाने होतात, आणि शासकीय कर्मचाऱ्याने स्वतःच्या कामासाठी राजकीय वजन आणणं तर वर्तणूक नियमांतच बसत नाही. तरी आपण जातो. आमदारही 'नाही' म्हणत नाहीत, कारण 'नाही' म्हटलं की मत गेलं. मग त्यांची सकाळ दाखल्यांत, दुपार दहाव्या-बाराव्यांना आणि संध्याकाळ साखरपुड्यांत. विधानसभेत २८८ जण आपण पाठवतो आणि त्यांच्याकडून तलाठ्याचं, पोस्टमनचं आणि भटजींचं काम करून घेतो.

शिफारसपत्रांचं काय होतं हेही सांगून टाकते, आता निवृत्त आहे. माझ्या टेबलावर दिवसाला १५-२० यायची. अर्जाच्या कोपऱ्यात पेनाने शेरा, 'कृपया तपासून कार्यवाही करावी', खाली सही. एकदा एकाच लोकप्रतिनिधींची एकाच कामासाठी तीन वेगवेगळ्या ठेकेदारांची नावं सुचवणारी तीन पत्रं एकाच दिवशी आली होती. मी तिन्ही एकाच टॅगला लावली आणि साहेबांपुढे ठेवली. साहेब काही बोलले नाहीत, नुसता चष्मा काढून पुसला. नुसत्या शेऱ्याचा कागद आला की त्यावर आम्ही लिहायचो 'दप्तरी दाखल', म्हणजे कपाटात. पण ज्या पत्रामागे ग्रामसभेचा ठराव, जागेची संमती आणि अंदाजपत्रक जोडलेलं असे, ते कपाटात ढकलायला हात धजावायचा नाही. त्यावर काहीतरी लिहावंच लागायचं. त्याच आमदारांची तीच सही, पण मागे जोडलेल्या चार कागदांनी तिला वजन यायचं.

तेव्हा सभामंडपाला नकार द्यायला जाऊ नका. 'कामात बदल' मागायला जा. हा शब्द पीएलाही कळतो आणि नियोजन कार्यालयालाही. काम सुरू होण्याआधी एका कामाऐवजी दुसरं सुचवणारं पत्र आमदार देऊ शकतात, रोज देतात. 'साहेब, मंडप नंतर, आधी साकव' एवढंच म्हणायचं. सभामंडपाच्या रकमेत साकव बसणार नाही हे उघड आहे, म्हणून मागणी अशी ठेवा: साकव जिल्हा नियोजनमधून घेण्यासाठी पालकमंत्र्यांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना पत्र द्या, आणि तुमच्या निधीतून आत्ता दोन्ही बाजूंच्या पायवाटेचं काम द्या. त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवू नका. भूमिपूजन त्यांनाही हवंय, काहीतरी भूमिपूजन त्यांना मिळू दे. बोर्ड लागला तर लागू दे. बोर्डाने साकव पडत नाही.

पायवाटेवरून आठवलं. ग्रामपंचायतीत जाऊन नमुना २३ बघा, ताब्यातील रस्त्यांची नोंदवही. तुमची पायवाट त्यात आहे का? नसेल तर कागदावर तुमची वाट अस्तित्वातच नाही आणि नसलेल्या वाटेवर कोणी साकव बांधत नाही. आमच्याकडे 'रस्त्याला नंबर नाही' या एका शेऱ्यावर वर्षानुवर्षं कामं परत गेलेली मी पाहिलीत. माणसं पिढ्यान् पिढ्या चालताहेत, आणि रस्त्याला नंबर नाही.

आता आमदारांचं असं काम, जे त्यांच्याशिवाय कोणालाच करता येत नाही. पत्र तर सरपंचही देतो. सभागृहात प्रश्न मात्र फक्त सदस्यच विचारू शकतो.

तुम्ही म्हणाल, आमच्या एका पऱ्याचा प्रश्न विधानसभेत? एका पऱ्याचा नाही. तालुक्यात अशा किती वाड्या पावसाळ्यात तुटतात? तुमच्या बचत गटांचा प्रभागसंघ आहे ना? पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाच्या बाईला एकच विचारा: तुमच्या वाडीला साकव आहे का, आणि असलेला धड आहे का. दोन बैठकांत जी यादी तयार होईल तशी बऱ्याच कार्यालयांकडेही नसते. ती यादी घेऊन आमदारांकडे जा आणि सांगा, साहेब, तारांकित प्रश्न टाका, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न. प्रश्नाचा साचा ठरलेला असतो, तुम्हीच लिहून नेलात तरी चालेल: अमुक तालुक्यातल्या अमुक वाड्यांचा साकवाअभावी पावसाळ्यात संपर्क तुटतो, हे खरे आहे काय? असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय? असल्यास, कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? आणि शेवटची ओळ, जी मला फार आवडते: नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

या शेवटच्या ओळीने मंत्रालयापासून तुमच्या पंचायत समितीपर्यंत फोन वाजतात. मी खालच्या टोकाला बसून ते अनुभवलंय. अधिवेशनाच्या आधी फॅक्स यायचा, पुढे मेल यायला लागला, 'तारांकित, तातडीने माहिती पाठवा', आणि पाच-पाच वर्षं कपाटात पडलेल्या फायली त्या दिवशी टेबलावर यायच्या. उत्तर 'अंशतः खरे आहे' असंच येईल, सरकारी उत्तरं नव्वद वेळा तशीच असतात. पण मंत्र्यांनी सभागृहात 'करू' म्हटलं की ते आश्वासन होतं, आणि त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. शिवाय विनंती अर्ज समिती आहे. सदस्याच्या मार्फत नागरिकांचा अर्ज थेट तिथे जातो. फार थोडे लोक ते दार वापरतात.

कोकणात पुलांचा विषय मांडायला कोणाला फार समजवावं लागणार नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, दोन एसटी गाड्या गेल्या. त्यानंतर राज्यभर जुन्या पुलांच्या तपासणीची चर्चा झाली. सगळी चर्चा मोठ्या पुलांची. तुमच्या ओंडक्यांची तपासणी कोण करणार? ते कोणाच्याच नोंदवहीत नाहीत. हीच गोष्ट सभागृहात मांडण्यासारखी आहे.

सभागृहात बसलेल्या एका माणसाने काय केलं होतं ते माहीत असावं म्हणून सांगते. वि. स. पागे सांगली जिल्ह्यातले, १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती. हाताला काम नाही अशा माणसाला सरकारने काम दिलंच पाहिजे, ही रोजगार हमीची कल्पना त्यांनी आधी तासगाव तालुक्यात छोट्या प्रमाणावर करून पाहिली. ७२ च्या दुष्काळात ती राज्यभर लागली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि पुढे देशाच्या कायद्याला तिचाच आधार मिळाला. तुमच्या सासूबाई रोजगार हमीवर खडी फोडायला गेल्या असतील तर त्यांना विचारा, त्या कामासाठी कोणाचे पाय धरावे लागले होते का. आणि सांगोल्याचे गणपतराव देशमुख ११ वेळा आमदार झाले, एसटीने फिरायचे, आयुष्यभर दुष्काळी तालुक्याच्या पाण्यामागे लागले. तुमचे आमदार तेवढे मोठे नसतील, नसू देत. प्रश्न टाकायला मोठं असावं लागत नाही, सदस्य असावं लागतं.

बहिष्काराच्या बॅनरबद्दल माझं मत सरळ आहे: लावू नका. नीतीचा प्रश्न बाजूला ठेवते. बॅनर लागला की तहसीलदार येतात, फोटो येतो, 'निवडणुकीनंतर प्राधान्याने' असं लेखी देतात. आचारसंहिता लागलेली असते, त्या काळात नवीन काम कोणी मंजूर करूच शकत नाही. मुंबई मंडळाला मुंबईतून बॅनर सुचवणं सोपं जातं, नंतरची पाच वर्षं तालुक्याला खेटे घालायचे ते तुम्हाला. विरोधी उमेदवाराकडे जाण्याचीही घाई नको. आधी कागद पुरे करा. पुऱ्या कागदाचं काम कोणीही घेईल, अर्धवट काम घेऊन गेलात तर वाडी नुसती दोघांच्या भाषणात येईल.

आणि दीर. त्यांच्यावर तुम्ही रागावलेल्या दिसता. मला वाटतं, ते घाबरलेले असावेत. बूथप्रमुखाच्या घरातूनच तक्रार गेली तर त्यांचं वजन जातं. सभामंडपाचं काम कोणा ओळखीच्याला मिळणार असं काही आहे का, ते तुम्हाला ठाऊक, मी विचारत नाही. पण त्यांना बाजूला ठेवून हे करू नका. पीएची वेळ त्यांना मिळते, तुम्हाला मिळणार नाही. ठराव आणि कागद तुम्ही तयार करा, घेऊन जायला त्यांना पुढे करा: 'भाऊजी, साकव तुम्ही आणलात असं होऊ दे.' श्रेय देऊन टाकायला पैसे पडत नाहीत. फक्त पत्राच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का तुमच्या हातात आल्याशिवाय ते घरी आले तर चहा देऊ नका.

कागदांची गोष्ट. निवेदन एका पानाचं, मागणी एकच. वर वाडीचं नाव, पऱ्याच्या दोन्ही काठांचे गट नंबर, घरं किती, शाळेत जाणारी मुलं किती, गरोदर बाया आणि म्हातारी किती, किती महिने वाट बंद. ओंडक्यांचा पावसातला फोटो, तारखेसकट. त्या मुलीचं नाव लिहू नका, पण ती घसरली तो दिवस लिहा. मागे ग्रामसभेचा ठराव. ग्रामसभा वर्षात किमान ४ होतात आणि त्याआधी महिलांची सभा घ्यायची असते. तिथे तुमच्या गटाच्या बायका बसल्या तर सरपंचाला विषय टाळता येणार नाही. गाव विकास आराखड्यातही साकवाचं नाव चढवून घ्या. मग शाखा अभियंत्यांना भेटून जागेची पाहणी आणि अंदाजपत्रक. ते लवकर येणार नाहीत. अर्ज देऊन पोच घ्या. दप्तर दिरंगाईच्या कायद्याप्रमाणे एका कर्मचाऱ्याकडे फाईल सर्वसाधारणपणे ७ कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. हे भांडून सांगू नका, 'साहेब, सात दिवसांनी येऊ ना?' असं विचारा. कळतं त्यांना.

तोवर या पावसाचं काय? ग्रामपंचायतीला लेखी द्या, की ओंडक्यांना दोन्ही बाजूंनी तार आणि हाताला धरायला दोर स्वनिधीतून लावा, आणि तहसीलदारांना प्रत द्या. हे काम हजारांत होतं. त्याला आमदार लागत नाहीत.

आता सातबारा. पलीकडच्या काठावरचा गट सामाईक आहे आणि त्यावर १९ नावं आहेत, असं तुम्ही पत्राच्या शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलंय. ताई, ती पत्रातली पहिली ओळ हवी होती. त्या १९ पैकी किती हयात, किती मुंबईत, किती जणांच्या वारसांची नोंद झालेली नाही, याची यादी आजच करा. साकवाला लागते ती गुंठाभर जागा, पण संमतीपत्र सगळ्यांचं लागतं. एकाने हरकत घेतली की मंजूर पैसा मार्चअखेर परत जातो. असे परत गेलेले साकव मी माझ्या हाताने नोंदवलेत. वारसनोंदी तलाठ्याकडे आत्ताच टाका, फेरफाराला वेळ लागतो. आणि सह्या गणपतीत घ्या. तेव्हा सगळे चाकरमानी गावात असतात, आरतीनंतर खळ्यात बसलेले असतात, भावकीचं भांडण पाच दिवस मिटलेलं असतं. कागद आधीच टाइप करून ठेवा, दोन पेनं बरोबर असू द्या. मुंबई मंडळाला बॅनरचा खर्च करायचाच असेल, तर जे गणपतीलाही येणार नाहीत त्यांच्या दारी विरार-दिव्याला जाऊन सह्या आणायचं काम त्यांना द्या. शिमग्यापर्यंत थांबलात, तर तोवर आर्थिक वर्ष संपत आलेलं असेल.